तोकुजिरोची कुदळ

मी एक कुदळ बोलतेय. हसू नका. कुदळीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं मनात आलं असेल तर ते मनातच ठेवा. सत्तरच्या वर वर्षं मी खाली मान घालून माती उकरली. आज दोन शब्द बोलले म्हणून कुणाच्या बापाचं काही जात नाही.

नीट बघा, म्हणजे कळेल की मी इथली नाही. इथल्या कुदळीपेक्षा माझं पातं रुंद आहे आणि फावड्यापेक्षा अरुंद. पात्याच्या कोपऱ्यात लोहाराची खूण आहे, ती वऱ्हाडातल्या अनसिंगच्या बाजारात आजवर एकालाही वाचता आलेली नाही. गावात मला 'जपानी कुदळ' म्हणतात. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. अनसिंगपासून दोन कोसांवर आहे, एवढं पुरे. ज्यांची गोष्ट सांगतेय ती माणसं अजून तिथंच राहतात, त्यांना एकमेकांची तोंडं बघत दिवस काढायचे आहेत.

माझा जन्म जपानातल्या एका डोंगराळ खेड्यातला, १९०६ सालचा. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि एका शेतकऱ्याच्या हातात दिलं. त्या शेतकऱ्याला दोन मुलगे. तिकडची रीत अशी की बापाची जमीन सगळी थोरल्याची, धाकट्याने आपलं आपण बघावं. धाकट्याचं नाव तोकुजिरो. वय एकोणीस, पंजे मोठे आणि तोंडात शब्द कमी. बाप त्याला म्हणाला, "तुला जमीन देता येत नाही. ही कुदळ घे. अमेरिकेत जमीन पुष्कळ आहे म्हणतात. स्वतःच्या जमिनीत हिचा पहिला घाव घातलास की मला पत्र टाक."

एवढंच मागणं होतं म्हाताऱ्याचं. तोकुजिरोने माझा दांडा काढून ठेवला, नुसतं पातं वळकटीत बांधलं आणि आम्ही बोटीत बसलो.

अमेरिकेत जमीन पुष्कळ होती. बाप खोटं बोलला नव्हता. फक्त ती दुसऱ्यांची होती. तोकुजिरोने आधी रेल्वेचे रूळ टाकले, मग बीट खणलं, मग कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या मळ्यात कमरेत वाकून वर्षं काढली. एका झोपडीत दहा-दहा जपानी गडी राहायचे. दिवसभर धुळीत लोळायचे आणि संध्याकाळी कढत पाण्यात बसायचे. आंघोळीचा त्यांना भारी नाद. जेवायला नसलं तरी चालेल, पण पाणी गरम हवं. नव्या वर्षाला प्रत्येक जण घरी पत्र लिहायचा. तोकुजिरोचं पत्र दोन शब्दांचं असायचं: "अजून नाही."

मग त्याचं लग्न झालं, तेही फोटोवर. नवरा अमेरिकेत, नवरी जपानात, आणि मधे समुद्र. इकडून फोटो गेला, तिकडून फोटो आला आणि हात्सुयो नावाची पोरगी बोटीने आली. याने फोटो पाठवला होता सात वर्षांपूर्वीचा! ती धक्क्यावर उतरली, फोटोकडे बघितलं, याच्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. मी असते तर आल्या पावली परत फिरले असते. पण ती तोंडावर हात ठेवून हसली आणि त्याच्या मागे चालू लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मळ्यात होती, आणि मी तिच्या हातात होते.

त्याच सुमारास कायदा आला. जपानी माणसाला तिथं नागरिक होता येत नव्हतं, आणि नागरिक नाही म्हणून जमीन विकत घेता येणार नाही, असा तो कायदा. पुढं पुढं तर कसायला घेणंही बंद. वा रे वा! माती यांनी उकरायची, खडक यांनी फोडायचा आणि नाव दुसऱ्याचं. पण त्यांना पुढं मुलगा झाला. तो तिथंच जन्मला म्हणून तिथला नागरिक. मग शेजारच्या ओल्सेन नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याशी बोलणं झालं. ओल्सेनची बरीच जमीन दगडगोट्यांनी पडीक होती. तोकुजिरोने ती साफ करून द्यायची, आणि पोरगा एकवीस वर्षांचा झाला की त्यातली पाच एकर ओल्सेनने पोराच्या नावावर करायची. तोकुजिरोची एक हिरवी वही होती. कुठल्या वाफ्यात काय पेरलं, कधी पाणी दिलं, सगळं तो तीत जपानी अक्षरांत लिहायचा. त्याच वहीत हा करार लिहिला आणि खाली ओल्सेनने सही केली. माणूस चांगला होता. सही करताना त्याच्या बोटांना माझ्याच पात्यावरची माती लागली होती.

सात वर्षं बाकी होती. तोकुजिरो ती बोटांवर मोजायचा. तेवढ्यात जपानातून कळलं की म्हातारा गेला. तरीही पुढच्या नव्या वर्षाला याने पत्र लिहिलंच. पेटीत टाकलं नाही, वहीत ठेवून दिलं.

१९४१ च्या डिसेंबरात जपानने अमेरिकेवर बाँब टाकले. टाकले कुणी आणि निस्तरलं कुणी! दुसऱ्या दिवसापासून आमच्या वस्तीत पोलिसांच्या काळ्या मोटारी फिरू लागल्या. जपानी शाळेचा मास्तर नेला, देवळातला भिक्षू नेला, एका दुकानदाराला नुसत्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यावरून नेलं. बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याच्यावर जपानी अक्षर ते सगळं घरोघर जळू लागलं. हात्सुयोने मला उचललं, जर्दाळूच्या झाडाखाली खड्डा खणला आणि माहेरहून आणलेली वीतभर बुद्धमूर्ती फडक्यात गुंडाळून त्यात पुरली. मग मला दाराशी टेकवून ती चुलीसमोर बसली. आधी पत्रं टाकली. मग फोटो. मग ती हिरवी वही.

मी बघत होते. अगं, तीत ओल्सेनची सही आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण कुदळीचं कोण ऐकतं! तोकुजिरो मळ्यातून आला तेव्हा तिचे हात काळे होते. त्याने विचारलं, "हिरवी वही?" तिने मान हलवली. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. ती मरेपर्यंत त्याने त्यावरून तिला एक शब्द ऐकवला नाही. तिला ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

वसंतात खांबाखांबांवर हुकूम चिकटले. जपानी तेवढे सगळे घर सोडून चला, हातात मावेल तेवढंच घ्या. म्हातारे, तान्ही पोरं, बाळंतिणी, कुणाला सूट नाही. गुन्हा काय? चेहरा! प्रत्येकाच्या कोटाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर आकडा. आमच्या घराचा आकडा तेरा हजार सातशे चार. माणसाला चिठ्ठी आणि गाठोड्यालाही तीच चिठ्ठी. मी गाठोड्यात होते, दांडा काढून, हात्सुयोच्या लग्नातल्या कमरपट्ट्यात गुंडाळलेली. पहिले काही महिने घोड्यांच्या तबेल्यात काढले. वरून चुना मारला होता, पण ऊन वाढलं की घोड्याच्या मुताचा वास खालून वर यायचा. मग आगगाडीने वाळवंटात. भोवती काटेरी तार, कोपऱ्यावर बंदूकवाले आणि नाकातोंडात सारखी धूळ. तीन वर्षांहून अधिक तिथं राहिलो. त्या वाळूतही तोकुजिरोने माझ्याकडून मुळे पिकवून घेतले. लोक रांगेत उभं राहून ते बघायला यायचे.

सुटून परत आलो तेव्हा ओल्सेन वारला होता. फाटकात त्याचा जावई उभा. तोकुजिरोने टोपी काढली, सगळं सांगितलं. जावई वाईट बोलला नाही. तो फक्त म्हणाला, "कागद दाखव." तोकुजिरोने माझ्याकडे बघितलं. हात्सुयो जमिनीकडे बघत राहिली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं तो शहरात दुसऱ्यांच्या बंगल्यांतलं गवत कापत आणि गुलाब लावत फिरला. हात्सुयो त्या मधल्या काळात गेली. मरताना काही बोलली, पण ते मला ऐकू आलं नाही. मी गाडीत होते.

आता इथली गोष्ट. त्या वेळी अमेरिकेहून तरुण पोरं-पोरी आपल्याकडं यायची, खेड्यांत राहून शेतीचं, विहिरींचं, कोंबड्यांचं काही काही शिकवायची. तोकुजिरोची नात जीन अशीच निघाली. म्हातारा पहिल्यांदा मोठ्याने हसला. "तू? शेती शिकवणार?" मग त्याने माझा दांडा काढला, पातं तेलाने पुसलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "जो स्वतःच्या जमिनीत हिचा घाव घालील त्याच्या हातात दे. आणि मग मला पत्र टाक." बापाने याला जे सांगितलं तेच शब्द. जीनला ते ठाऊक नव्हतं, मला होतं.

१९६९ चा पावसाळा संपता संपता आम्ही गावात उतरलो. दौलतराव पाटील हार घेऊन एसटीच्या थांब्यावर उभे. अमेरिकेची मॅडम येणार म्हणून शाळेतून खुर्ची आणून ठेवलेली. जीन उतरली. दौलतराव तिच्या मागे बघत राहिले. गाडी निघून गेली, धूळ खाली बसली, तरी ते बघतच.

"मॅडम कुठी हाय?"

"मीच आहे," ती शिकून आलेल्या मराठीत म्हणाली.

"तुमी? तुमी त नेपाळी दिसता!" दौलतरावांनी हार दिला, पण खुर्चीचं विसरले.

बौद्धपुऱ्यात मात्र दिवाळी. जपानची पोरगी आली म्हटल्यावर भागिरथा कामावरून तशीच धावत आली. भागिरथा म्हणजे पुंजाजीची बायको. उंच, हाडकुळी, आवाज असा की नाल्यापलीकडची म्हैस वळावी. पुंजाजी तिच्या उलट, हळू बोलणारा. भागिरथाने जीनचे दोन्ही हात धरले. "जपान म्हंजे आपल्या बुद्धाचा मुलूख, व माय! चाल, विहारात चाल. आमाले वंदना शिकव. आमी नवे हाओ, चुकत असन त सांग."

टिनाच्या विहारात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. पन्नास माणसं हात जोडून बसलेली आणि पोरगी लाल झालेली. तिला काही येत नव्हतं. आजीने मूर्ती पुरली ती पुरली, पुढं त्या घरात कुणी बुद्धाचं नाव काढलं नव्हतं. पोरगी चर्चमध्ये वाढली होती. तिने तोडक्यामोडक्या मराठीत सगळं सांगितलं. मूर्ती, चूल, काळ्या मोटारी. मला वाटलं, आता ही माणसं उठून जाणार.

भागिरथा म्हणाली, "म्हंजे तुमीबी देव टाकले? आमी छप्पन साली टाकले. टोपलं भरून नदीत नेऊन सोडले, मांगं वळून नाई पायलं."

"आजीनं भीतीनं पुरला," जीन म्हणाली.

"आमी भीती सुटली म्हून सोडले." भागिरथाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बस. आमीच शिकवतो तुले." आणि त्या दिवशी वऱ्हाडातल्या एका बाईने जपानी पोरीला 'बुद्धं सरणं गच्छामि' शिकवलं. हात्सुयोही तिच्या भाषेत बुद्धाचं नाव असंच ओठांत पुटपुटायची. इतक्या वर्षांनी ते कानावर पडलं आणि मला कसंसंच झालं.

तिचं नाव जिनाबाई झालं आणि मला बाभळीचा दांडा मिळाला. पुंजाजीने तो स्वतः तासला.

नाल्यापलीकडे गायरान होतं, गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. नुसता मुरूम, गुरंही तिथं जायची नाहीत. त्यातली दोन एकर पुंजाजी आणि भागिरथा वर्षभरापासून साफ करत होते. पोटाला जमीन नव्हती, आणि कसेल त्याची जमीन असं सभेत कुणीतरी सांगून गेलं होतं. जिनाबाई भाजीपाला शिकवायला आली होती, ती यांच्याबरोबर दगड वेचू लागली. एकदा भाकरी खाताना तिने आजोबांची सगळी कथा सांगितली. जाताना, म्हणजे एकाहत्तर साली, तिने मला भागिरथाच्या हातात दिलं.

"जमीन तुमच्या नावावर झाली की मला पत्र लिहा. मी आजोबांना वाचून दाखवीन."

"लिवीन," भागिरथा म्हणाली. "पन झाली तवाच लिवीन, जिनाबाई. खोटं आपल्याच्यानं होत नाई." पत्ता तिने विहारात बुद्धाच्या फोटोमागे खोचून ठेवला.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. सांगण्यासारखं काही नाही, तुमच्या घरातही कुणी भोगला असेल. त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि त्या मुरमात तूर अशी आली की रस्त्याने जाणारा थांबावा. तिथंच घात झाला. पडीक होतं तोवर कुणाच्या डोळ्यांत आलं नाही, हिरवं झालं आणि दौलतरावांना गावाच्या गुरांची आठवण झाली. अर्ज गेला. तालुक्याहून पोलीस आले, बांधावर बसून पंचनामा केला. पुंजाजीला घेऊन गेले आणि त्याच्या हातातली म्हणून मलाही नेलं. मागे तुरीत गुरं सोडली.

ठाण्यात माझ्या दांड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली, वर लाख ओतून शिक्का मारला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पुंजाजीचं नाव, बापाचं नाव, गायरानाचा नंबर, 'दोन एकरांत पाच वर्षांपासून बेकायदा वहिती', 'जप्त, लोखंडी कुदळ एक', आणि तारीख. मला तेरा हजार सातशे चार आठवला. पुन्हा दोरा, पुन्हा चिठ्ठी! मुद्देमालाच्या खोलीत चार वर्षं पडून राहिले. शेजारी एक दारूचा डबा, दोन सायकली आणि कुणाच्या तरी डोक्यात घातलेला पाटा. बोलायला कुणी नाही. गंजत होते.

पुंजाजी जामिनावर सुटला. तारखांना चालत जायचा, चालत यायचा. आणि नवरा-बायको दर वर्षी तीच दोन एकर पेरायचे, कधी पिकायची, कधी गुरं शिरायची. शहात्तरच्या उन्हाळ्यात अशाच एका तारखेहून येताना त्याला ऊन लागलं. नाल्याजवळ बसला तो उठला नाही. हे मला फार उशिरा कळलं. आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला आणि सत्त्याहत्तरला भागिरथा मला घ्यायला आली.

मी तिला ओळखलंच नाही. आवाजसुद्धा निम्मा झाला होता. हवालदाराने रजिस्टरवर तिचा अंगठा घेतला, मला आणून दिलं. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. "हे काय लिवलं हाय?"

हवालदाराने वाचून दाखवलं. बेकायदा वहिती, आरोपी, जप्त.

"माह्या माणसाचं नाव हाय ह्याच्यात? चोर म्हून?"

"राहू दे, माय. कागद हाय, पडून राहील. कागद कधी फेकू नये."

"काहून राहू देऊ?" तिचा जुना आवाज एकदम परत आला, बाहेरचे दोघे-तिघे आत डोकावले. "आमच्या आज्या-पंज्यायच्या गळ्यात लोकायनं मडके बांधले, कमरेले फडे बांधले. थे सारं तोडून आलो आमी. आता मेलेल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी मिरवू का?"

तिने मला खांद्यावर टाकलं आणि घरची वाट धरली. घरी आल्यावर दाराशी टेकवलं, विळ्याने दोरा कापला. लाखेचा शिक्का फोडला. चुलीवर बेबीने भाकरी टाकली होती. बेबी ही तिची मुलगी, सातवी शिकलेली. भागिरथाने चिठ्ठी चुलीत टाकली आणि राख होईपर्यंत हलली नाही. मग मोठा श्वास घेऊन म्हणाली, "सुटला तुहा बाप."

मी दाराशी होते. दुसऱ्यांदा दाराशी होते. या खेपेला मला वाईटही वाटलं नाही, उलट ऊर भरून आला. पुढं काय वाढून ठेवलंय हे लोखंडाला कुठून कळणार?

वर्ष सरलं नाही तोच नवा हुकूम आला. गायरानावर पाझर तलाव होणार. ज्यांनी त्या जमिनी आधीपासून वाहिल्या त्यांना बदल्यात दुसरीकडे जमीन मिळणार, सातबाऱ्यावर नावासकट. शाळेत साहेब बसले. दौलतरावांच्या भाच्याकडे गायरान वाहिल्याचा कागद होता. भागिरथा पहाटेपासून रांगेत होती, मला बरोबर घेऊन. साहेब तरुण होता, चांगला वाटला. त्याने तलाठ्याचं दप्तर उघडून बघितलं. पुंजाजीचं नाव कुठंच नव्हतं.

"दहा वर्सं वायली साहेब, गावाले विचारा."

"गावाचं नाही चालत, आजी. गाव काय, आज हे सांगेल, उद्या ते. कागद लागतो. कुठलाही जुना कागद आहे?"

"आमच्यावर केस झालती."

साहेबाने मान वर केली, तोंडावर हसू आलं. "मग झालं की! जप्तीची चिठ्ठी असेल, पंचनाम्याची नक्कल असेल, काहीही आणा. बेकायदा वहिती असं सरकारनंच लिहिलंय म्हणजे वहिती होती हे सरकारनंच मान्य केलं. त्याहून मोठा पुरावा नाही."

भागिरथा उभी होती. तिच्या हाताचा घाम माझ्या दांड्याला लागला. मागचे लोक कुरकुरू लागले.

"जाळली," ती म्हणाली.

साहेबाला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्याने ठाण्यातही विचारून बघितलं, खोटं कशाला बोलू. बंद झालेल्या खटल्याचे कागद रद्दीत जाऊन नष्ट झाले होते. दोन महिने वाट बघून यादी लागली, तीत हिचं नाव नव्हतं. दौलतराव वाटेत भेटले तर म्हणाले, "भागिरथे, तोंड त लय चालते तुहं, डोस्कं चालवाचं होतं." मला त्या दिवशी धारेकडून त्यांच्या पायावर पडायची फार इच्छा झाली होती.

आता तलावाचं काम चालू आहे, रोजगार हमीतून. भागिरथा कामावर आहे आणि मी तिच्या हातात आहे. तिच्या वाट्याला खोदायला कुठली जागा आली हे तुम्ही ओळखलं असेल. तीच दोन एकर. मुकादमाला काय ठाऊक, त्याने दोरी टाकली आणि बोट दाखवलं. वरचा वीतभर थर काळाभोर निघाला. दहा वर्षं शेणखत टाकून तिने आणि पुंजाजीने तो केला होता. तो टोपल्यात भरून बांधावर नेऊन टाकायचा. पहिल्या दिवशी ती खाली बसली आणि मूठभर माती उगाच चोळत राहिली. मुकादम ओरडला तेव्हा उठली.

परवा जिनाबाईचं पत्र आलं. वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलेलं, बेबीने जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. आजोबा ब्याण्णव वर्षांचे झाले. अंथरुणावर आहेत, माणसं ओळखत नाहीत. पण सकाळी जाग आली की एकच विचारतात: हिंदुस्थानातून पत्र आलं का? डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. भागिरथाबाई, मी तुम्हाला कधी घाई केली नाही. पण जमीन झाली असेल तर कळवा.

भागिरथाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. खड्ड्याच्या कडेला मला आडवं टाकून ती बसली होती. समोर खणलेला मुरूम, टोपल्यांची रांग, धूळ. बेबी निळं हवाई पत्र घेऊन आली होती, ते तिने गुडघ्यावर सरळ केलं.

"काय लिवू, माय? नाई झाली म्हून लिवू?"

मला वाटलं, लिही म्हणेल. "अजून नाही" हे दोन शब्द मला चांगले पाठ होते. एक माणूस ते वाचत वाचत मेला, दुसरा ते लिहीत लिहीत म्हातारा झाला.

"लिव्ह," ती म्हणाली. "जिनाबाईले भागिरथाचा जयभीम. आजोबाले सांग, जमीन झाली."

बेबीचा पेन थांबला.

"लिव्ह ना! जमीन झाली. दोन एकर. माह्या नावावर. तुमची कुदळ आता सोताच्या जमिनीत चालून राह्यली. जमीन काळी हाय, लोन्यावानी. यंदा तूर टाकली, कमरेएवढी झाली."

"माय, तूर कुठी हाय?"

"कमरेएवढी झाली," भागिरथा खड्ड्याकडे बघत म्हणाली, "आन् फुलावर हाय. लिव्ह."

बेबीने लिहिलं. तिच्या डोळ्यातला एक थेंब शाईवर पडला, तो तिने पदराने टिपला. मग भागिरथाने माझ्या पात्यावरची थोडी काळी माती नखाने खरवडली आणि कागदाच्या घडीत घातली. सुट्टी संपली. ती उठली, मला उचललं आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो.

पत्र गेलं आहे. वेळेवर पोचेल की नाही, देव जाणे. अरे हो, या घरात देव नाही. मी म्हातारी झाले, जुन्या सवयीने बोलून जाते. माझं पातं आता वीतभरही उरलेलं नाही. तलाव भरला की मला बहुतेक भंगारात घालतील. माझं काही मागणं नाही. मला कुणी संग्रहालयात ठेवू नका आणि हळदकुंकूही लावू नका.

एवढंच करा. तुमच्यातलं कुणी कधी त्या मुलखात गेलं, आणि मोठ्या पंजांचा एक म्हातारा खिडकीशी पडलेला दिसला, तर त्याला यातलं काही सांगू नका. त्याने विचारलं, तूर कशी आहे, तर म्हणा, चांगली आहे, फुलावर आहे.